जुन्या सागाचे नवे रोप



गेल्या माघातली गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, आणि एक विद्यार्थी माझ्या टेबलाजवळ घुटमळत उभा राहिला. पिंपळनेरहून पश्चिमेला, डांगच्या हद्दीकडे त्याचे गाव. इतिहासाच्या तासाला हा मुलगा सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी मात्र त्याने विचारले, "सर, आमना बांधवरना सागनं रोप व्हई का?"

मला वाटले, बी रुजवायची युक्ती विचारतो आहे. मी सांगू लागलो, फळे भिजव, उन्हात वाळव, पुन्हा भिजव. त्याने मान हलवली. "बीचं नाही सर. त्याच झाडाचं. जसंच्या तसं."

मग हळूहळू हकीकत कळली. त्यांच्या बांधावर पणजोबांच्या वेळचा एक साग आहे. काठीसारखा सरळ, बरेच वर जाईपर्यंत एक फांदी नाही. बहिणीला नर्सिंगच्या शिक्षणाला घालायचे आहे. परवानगीचे कागद झाले आहेत, व्यापारी दोरी लावून घेर मोजून गेला आहे. झाड जाणार, याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. अशा वेळेसाठीच तर बांधावर झाड राखतात. पण आजीने एक वाक्य बोलून ठेवले की असा साग या बांधावर पुन्हा व्हायचा नाही, आणि ते या मुलाच्या मनाला लागले. त्याने मोबाइलवर टिश्यू कल्चरची चित्रे पाहिली होती. काचेच्या बाटलीत केळीची इवलीशी रोपे. केळीचे होते, मग सागाचे का नाही?

आता मी इतिहासाचा माणूस. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण या प्रश्नालाही एक इतिहास आहे, सव्वाशे वर्षांचा, आणि त्यातला एक मोठा टप्पा आपल्या पुण्यात घडलेला आहे. तोच आज तुमच्यापुढे मांडतो. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात सांगण्याजोगा आहे असे मला वाटते.

पहिल्यांदा आजीचे म्हणणे तपासू. बी असताना तोच साग पुन्हा का होऊ नये? सागाला पावसाळ्यात बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. त्या फुलांवर माश्या, भुंगे येतात, आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला पोचवतात. म्हणजे बी हे दोघांचे लेकरू. आई सरळ असेल, पण बाप कोण, कुठल्या नाल्याकाठचा वाकडातिकडा, कोणास ठाऊक! त्यातून सागाचे फळ मोठे हट्टी. कवच टणक, रुजले तर रुजले. मलबारचा कलेक्टर कोनोली याने १८४० नंतरच्या दशकात निलंबूरला सागाची लागवड करायला घेतली, तेव्हा आरंभी बी उगवेचना. चाथू मेनन नावाच्या तिथल्याच अधिकाऱ्याने नेटाने ते काम तडीस नेले.

लागवड करण्याची पाळी तरी का आली? कारण जंगल उपसले जात होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागाची जहाजे बांधत. १८१७ साली तिथे पाण्यात उतरवलेले 'त्रिंकोमाली' हे मलबारी सागाचे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. दोनशे वर्षे! मलबारचा साग कमी पडू लागला तशी इंग्रजांची नजर आपल्या शेजारच्या डांगवर वळली. १८४२ साली तिथल्या भिल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले गेले, आणि त्या काळी डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडेच पाहायला होता. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात लाकडाच्या गाड्यांची जी वर्णने येतात, त्यांचे मूळ इतके मागे जाते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तोडणारा कोणते झाड आधी तोडतो? सरळ, जाड, निरोगी. वाकडे, पोकळ, गाठींचे झाड तो मागे ठेवतो. मग पुढे बी कोणाचे पडणार? मागे राहिलेल्यांचे. शेतकरी कणसांतले सर्वांत चांगले कणीस बियाण्याला राखतो. जंगलात आपण पिढ्यान् पिढ्या नेमके उलटे केले. म्हणून बांधावर चुकून राहिलेला एखादा उत्तम साग म्हणजे नुसते लाकूड नव्हे. आजीने हे पुस्तकात वाचलेले नाही, पण तिचे म्हणणे बरोबर आहे.

तर मग फांदी तोडून लावावी. शेवग्याची लावतोच ना? वडाची, पिंपळाची फांदी लावतो, तीही धरते. पण जुन्या सागाच्या शेंड्याची काडी मातीत खोचली तर ती वाळते. आणि इथेच लाकूड धरणाऱ्या झाडांचे सगळे दुखणे आहे. रोप कोवळे असताना त्याच्या काडीला मुळे सुटतात, पण कोवळ्या रोपाकडे पाहून ते पुढे कसे निघेल हे कोणी सांगू शकत नाही. साग चांगला की वाईट हे कळायला बरीच वर्षे जावी लागतात. आणि तोवर तो प्रौढ झालेला असतो, त्याची मूळ धरण्याची शक्ती ओसरलेली असते. ज्याची प्रत काढावीशी वाटते ते झाड प्रत काढू देत नाही! आंब्याला आपण कलम करतो, सागालाही वनखात्याने डोळे भरून बियाण्याच्या बागा केल्या. पण कलमात डोके एकाचे आणि मूळ दुसऱ्याचे. हजारोंनी रोपे हवीत, तर ते काम फार सावकाशीचे.

प्रयोगशाळेची वाट या अडचणीतून निघाली. १९०२ साली गॉटलीब हाबरलांट नावाच्या शास्त्रज्ञाने व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे एक धाडसी विचार मांडला. झाडाची एकेक पेशी वेगळी काढून तिला योग्य अन्न दिले, तर तिच्यापासून वाढ घडवता यावी. त्याने पानांच्या पेशी साखरेच्या द्रावणात ठेवल्या. त्या काही आठवडे जगल्या, फुगल्यासुद्धा, पण एकीचीही दोन झाली नाही. प्रयोग फसला. विचार मात्र खरा होता.

पुढे बत्तीस वर्षांनी, १९३४ साली, पॅरिसच्या रॉजर गोत्रे याने जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. त्याने गवत घेतले नाही, भाजी घेतली नाही. वाळुंजासारख्या झाडांचे लाकूड आणि साल यांच्यामधला ओला थर घेतला. झाड दरवर्षी जाड होते ते याच थरामुळे. कुऱ्हाडीने साल उचकटली की बोटाला जो बुळबुळीत ओलावा लागतो, तो हाच. त्या थराच्या तुकड्यांतून पेशींचे गोळे वाढू लागले, काही महिने वाढले आणि थांबले. म्हणजे या शास्त्राच्या आरंभीच्या पावलांतले एक पाऊल झाडाच्याच लाकडावर पडले होते. त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप व्हाइटने टोमॅटोचे मूळ काचपात्रात वाढते ठेवले. १९३९ पर्यंत गाजराचे आणि तंबाखूचे पेशीगोळे हवे तितके दिवस वाढवता येऊ लागले.

पण गोळ्याचे झाड कसे करायचे? त्याला वीसेक वर्षे लागली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फोक स्कूग आणि त्याचे सहकारी तंबाखूच्या गाभ्यावर काम करत होते. १९५५ साली त्यांना पेशी फोडणारे एक द्रव्य सापडले. तेही कशात, तर हेरिंग माशाच्या वीर्यातून काढलेल्या पदार्थात! त्याला त्यांनी कायनेटिन नाव दिले. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी दाखवून दिले की दोन संजीवकांचे प्रमाण बदलले की गोळ्याचे नशीब बदलते. ऑक्झिन जास्त झाले तर मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त झाले तर कोंब. दोन्ही बेताची असली तर नुसता गोळाच वाढत राहतो. भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचे हे जसे हाताला कळावे लागते, तसे प्रत्येक झाडाचे हे प्रमाण निराळे शोधावे लागते. १९६२ साली स्कूगचा विद्यार्थी तोशिओ मुराशिगे याने क्षार, साखर आणि जीवनसत्त्वांचा जो अन्नरस ठरवला, तोच पुष्कळ प्रयोगशाळांत आजही, थोड्या फेरफाराने, वापरतात.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी या कामाचा पाया घातला. आणि महाराष्ट्रात ते रुजले पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नाव रसायनाचे, पण तिच्या जीवरसायन विभागात व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हस यांनी वनस्पतींच्या ऊतींवर काम उभे केले. १९७८ साली तिथून हळदीची रोपे झपाट्याने वाढवण्याची रीत जाहीर झाली. हळदीचे ठीक आहे हो, तिचा कंदच मुळी रोप व्हायला बसलेला असतो. खरी कसोटी झाडांची होती.

सागाने त्यांना किती छळले असेल याची कल्पना करा. उघड्यावर शंभर पावसाळे काढलेले झाड म्हणजे बुरशीचे आणि जंतूंचे माहेरघर. डोळा काढून कितीही धुतला, पारदक्षारात बुडवला, तरी एखादा जंतू आत दडून राहतो आणि गोड अन्नरसात चार दिवसांत सगळी नळी पांढरी करून टाकतो. जंतू मारायला औषध जास्त केले तर डोळाच मरतो. त्यातून निभावले तर दुसरे संकट. सागाचे कोवळे पान चुरगळले की हात तांबडे होतात, हे आपल्याकडच्या पोरासोरांना ठाऊक आहे. कापलेल्या जागेतून तसलाच रस सुटतो, काळा पडतो, आणि तुकडा आपल्याच रसाने गुदमरतो. मग तो सारखा नव्या अन्नरसात हलवायचा, रस शोषून घेणारी द्रव्ये घालायची. एवढे करून कोंब फुटले, तरी त्यांना मुळे फोडण्यासाठी पुन्हा निराळा अन्नरस.

१९८० साली गुप्ता, नाडगीर, मस्करेन्हस आणि जगन्नाथन या चौघांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात नुसत्या कोवळ्या रोपांचे नव्हे, तर सुमारे शंभर वर्षांच्या सागाचे डोळे घेऊन रोपे केली होती. त्यांचा हिशेबही बोलका आहे. जुन्या झाडाच्या एका डोळ्यापासून वर्षात पाचशेपर्यंत रोपे, आणि कोवळ्या रोपापासून घेतले तर तीन हजारांपर्यंत. पाचशे आणि तीन हजार. वयाची किंमत ती एवढी. पण पाचशे म्हणजे शून्य नव्हे! पुढच्याच वर्षी त्यांनी लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या मोठ्या झाडांवर हीच किमया केली. त्याच सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चंदनावर काम चालू होते.

या पुण्याच्या मंडळींची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, जरी ती सागाची नाही आणि बांबू तर शास्त्राने गवतच. बांबू तीस-चाळीस वर्षांत एकदा फुलतो आणि मरतो, हे तुम्ही जाणता. बांबूच्या फुलण्याची आपल्या लोकांना भीती वाटत आली आहे. तर १९९० मध्ये नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हस यांनी 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात कळवले की त्यांच्या काचपात्रात बांबूची कोवळी रोपे काही आठवड्यांतच फुलली आणि त्यांनी बीही धरले. झाडाचे वय हे पंचांगात मोजायचे नसते, ते आतल्या रसांच्या मेळात असते, असे त्याने दिसून आले. साग मागे कोवळा करता येतो, बांबू पुढे प्रौढ करता येतो. हा विचार केला की मला अजूनही नवल वाटते.

मग आज आपल्या बांधाबांधावर पुण्याचे साग का दिसत नाहीत? विचारणारच तुम्ही. एक तर खर्च. बी फुकट मिळते, बाटलीतले रोप नाही. दुसरे, बाटलीतून काढलेले रोप फार नाजूक. त्याच्या पानांवर मेणाचा थर पुरता धरलेला नसतो, आमच्या खानदेशी वाऱ्यात ते एका दुपारी मान टाकते. दमट घरात ठेवून हळूहळू त्याला ऊन दाखवावे लागते, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणतात तसे. आणि तिसरे कारण शास्त्राचे नाही, माणसांचे आहे. १९९० नंतरच्या दशकात सागाच्या नावावर पैसे गोळा करण्याचा एक मोठा बाजार देशभर भरला. वीस वर्षांत हजाराचे लाख. माझ्या एका नात्यातल्या निवृत्त शिक्षकांनी असले कागद घेतले होते. कोणाचे ते नाव घेत नाही; कागद अजून ट्रंकेत आहेत, झाडे कुठे आहेत ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. १९९९ साली सेबीने अशा योजनांना नियमांचे कुंपण घातले, तोवर लोकांचे हात पोळून झाले होते. सागाच्या रोपाचे नाव काढले की आजही गावातली शहाणी माणसे हसतात, ते त्यामुळे.

आपल्या खानदेशात टिश्यू कल्चर आले ते केळीच्या वाटेने. जळगावला नव्वदच्या दशकात ग्रँड नैन जातीची रोपे आली आणि केळीचा सगळा हिशेब बदलला. पण केळीला लाकूड नाही, म्हातारपणाची अडचण नाही. लाकडाच्या बाजूने आपल्या भागाला खरा धडा मिळाला तो डाळिंबात. सटाणा, देवळा, मालेगाव आणि आपला साक्री तालुका, इथल्या बागा तेल्या रोगाने कशा बसल्या ते तुमच्यापैकी अनेकांनी भोगले आहे. गुटी कलम बांधताना मूळ झाड रोगट असेल तर रोग कलमाबरोबर फुकट घरी येतो. प्रयोगशाळेत निरोगी झाडाचा शेंडा निवडून वाढवलेले रोप निदान स्वच्छ असते. निदान, असे मी मुद्दाम म्हणतो. ते रोप रोगाला पुरून उरते असे नाही. शेजारच्या बागेत तेल्या असला तर पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर तो यायचाच. आणि ज्या झाडाची प्रत काढली त्याचे गुण तेवढेच प्रतीत येतात, एक आणाही जास्त नाही. विक्रेता याहून अधिक काही सांगू लागला तर पावती मागून घ्या आणि घरी या.

आता पुन्हा त्या मुलाच्या सागाकडे. हे सगळे वाचून काढताना मला एक गोष्ट सापडली, ती शास्त्रज्ञांच्या लेखांत ओझरती येते, पण आपल्या कामाची आहे. झाडाचे वय सगळीकडे सारखे नसते. शेंड्याची फांदी सर्वांत प्रौढ. बुडाशी, जमिनीलगतच्या सालीखाली जे डोळे निजलेले असतात, ते झाड लहान असतानाचे. ते तिथेच थांबलेले. म्हणून झाड तोडल्यावर बुंध्यातून जे धुमारे येतात, त्यांची पाने मोठी, वाढ जोराची, आणि त्यांच्या काड्यांना मुळेही तुलनेने लवकर धरतात. मलेशियात साबा इथे १९९० नंतर फ्रेंच आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी निवडक सागांवर काम केले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या रोपांबरोबर साध्या छाट्यांचीही रीत बसवली. रोपे पुन्हापुन्हा छाटून खुजी ठेवायची, म्हणजे ती कोवळीच राहतात, आणि त्यांच्या काड्या धुक्यासारख्या पाण्याखाली रुजवायच्या.

आणि धुमाऱ्यांचे महत्त्व आपल्याला परदेशातून शिकायला नको. पिंपळनेरजवळच्या बारीपाड्याला जाऊन या. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० नंतरच्या वर्षांत कुऱ्हाड आणि चराई आवरून सुमारे अकराशे एकर जंगल राखले. त्या कामासाठी २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. उजाड डोंगर राखला की जंगल परत येते ते काही नुसते बियांतून नाही. जमिनीखाली जुन्या मुळ्या जिवंत असतात, बुंधे जिवंत असतात. गुरांनी आणि विळ्याने दरसाल खुडले नाही, की ते उठतात.

मी त्या मुलाला सांगितले, साग पानगळीत तोडा, जमिनीला लागून, तिरकस आणि गुळगुळीत, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजणार नाही. साल उचकटू देऊ नका. व्यापाऱ्याची माणसे घाईत असतात, तू स्वतः उभा राहा. भोवती काट्या लाव. शंभरीच्या बुंध्याला फुटेलच याची हमी नाही. फुटले, तर जो धुमारा येईल तो त्याच झाडाचा, जसाच्या तसा, आणि त्याला मूळही आयतेच मिळेल. एका झाडासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पाचशे हवे असतील तर मात्र त्याच धुमाऱ्यांचे शेंडे घेऊन पुण्याची वाट धरावी लागेल.

होळीनंतर झाड गेले. बहिणीचा प्रवेश झाला. वैशाखात कॉलेजला सुट्टी असताना मुलगा घरी आला आणि मोबाइल पुढे केला. बुंध्याच्या कडेने सात धुमारे, तांबूस, हाताएवढ्या पानांचे. त्यांतले दोन आजीने राखायचे ठरवले होते आणि ओळखीसाठी त्यांना लाल दोरा बांधला होता. बाकीच्या पाचांच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तो बरोबर घेऊन आला होता, आणि माझ्या परसातली सावली कुठली चांगली, ते विचारत होता.